तुमच्या वेबसाइटच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?

गेल्या श्रावणाच्या तोंडावर बेळगावच्या शहापुरातल्या एका साडीवाल्या मामांचा फोन आला. "आमच्या दुकानाचं नाव गूगलवर टाकलं की चिनी अक्षरं येतात म्हणे. पुण्याच्या गिऱ्हाइकानं फोटो काढून पाठवलाय. आणि मी उघडून बघालोय तर आमच्या साड्याच दिसालेत की! कुणाचं खरं धरायचं?"

दोघांचंही खरं होतं. पावसात भिजत दुकानात पोचलो, गादीच्या कोपऱ्यावर लॅपटॉप मांडला. गूगलच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून एकाखाली एक दोन टिंबं आणि लगेच दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता टाकला. असं टाकलं की त्या वेबसाइटची गूगलला माहीत असलेली पानं समोर येतात. मामांच्या वेबसाइटची पानं होती अकरा, आणि गूगल दाखवत होतं हजारांनी. ती अकरा सोडली तर बाकी सगळी जपानी भाषेत, बड्या कंपन्यांच्या पर्स आणि घड्याळांची. त्यावर क्लिक केलं की माणूस बनावट माल विकणाऱ्या भलत्याच दुकानात जाऊन पडायचा. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की गूगलनंच त्याला 'जॅपनीज कीवर्ड हॅक' असं नाव दिलंय. त्यातली चलाखी अशी, की ही पानं गूगलच्या यंत्राला आणि गूगलवरून येणाऱ्या माणसालाच दिसतात. मालक थेट पत्ता टाकून आला की त्याच्यापुढे त्याचं नेहमीचं पान ठेवलं जातं. त्यामुळे घरच्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं.

मामांनी मग जे विचारलं, तेच मला निपाणीच्या, खानापूरच्या, सगळ्याच दुकानदारांनी कधी ना कधी विचारलंय. "आमचं वाईट कोण चिंतणार ओ? आमची वेबसाइट बघतंय तरी कोण?"

कुणीच वाईट चिंतलेलं नसतं, आणि हेच आधी नीट समजून घ्यायला हवं. समजा, रात्री दोन वाजता एखादा माणूस खडे बाजारापासून गणपत गल्लीपर्यंत प्रत्येक दुकानाचं शटर नुसतं हलवून बघत गेला. आत साड्या आहेत की कुंदा आहे की स्टीलची भांडी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कुठलं शटर वर सरकतं तेवढंच तो बघतो. इंटरनेटवर हे काम माणूस करत नाही, प्रोग्राम करतो. त्याला 'बॉट' म्हणतात. तो झोपत नाही, दमत नाही आणि त्याच्या यादीत लाखो पत्ते असतात. तुमचं दुकान शहापुरात आहे की सिंगापुरात, हे त्याला ठाऊकही नसतं. वेबसाइट ज्या संगणकावर ठेवलेली असते तो 'सर्व्हर'. त्याच्यावर कोण आलं, कोण गेलं याची नोंदवही असते, तिला 'लॉग' म्हणतात. होस्टिंगवाल्याला, म्हणजे ती सर्व्हरची जागा भाड्यानं देणाऱ्याला, सांगून एकदा तुमच्या वेबसाइटची ती नोंदवही उघडून बघा. दिवसाला पाच माणसं ज्या वेबसाइटला भेट देतात, तिच्याही लॉगिनच्या दारावर रात्रभर टकटक चाललेली दिसेल.

त्यांना मिळतं काय? मामांची वेबसाइट सहा वर्षं जुनी, कधी काही वावगं न केलेली. गूगलच्या लेखी ती अब्रूदार होती. चोरानं एक साडी नेली नाही, त्यानं ती अब्रू वापरली. कुणाच्या सर्व्हरवरून हजारो फसवी मेल पाठवली जातात, तर कुणाच्या वेबसाइटच्या एखाद्या कोपऱ्यात बँकेसारखं दिसणारं खोटं लॉगिन पान मांडून ठेवलेलं असतं. तुमच्याकडे चोरण्यासारखं काही नसेल, पण तुमच्या ओसरीवर बसून दुसऱ्याला लुटायला जागा असते.

आपल्या भागातल्या बहुतेक छोट्या वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट उभी करायच्या आणि चालवायच्या एका फुकट सॉफ्टवेअरवर असतात. जगातल्याच ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे त्यात नवल काही नाही. वर्डप्रेस वाईट नाही. फक्त असं बघा, गावातल्या निम्म्याअधिक घरांना एकाच कारखान्याचं कुलूप असलं आणि त्या कुलपात एक खोट सापडली, तर ती बातमी चोराला सगळ्या घरांची वाट दाखवते.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. २०१७ साली २६ जानेवारीला वर्डप्रेसची ४.७.२ ही आवृत्ती आली. तिच्यात एक मोठी खोट दुरुस्त केलेली होती. ती अशी, की लॉगिन न करताच कुणीही दुसऱ्याच्या वेबसाइटवरचा मजकूर बदलू शकत होता. वर्डप्रेसच्या मंडळींनी ही गोष्ट आठवडाभर मुद्दाम जाहीर केली नाही, लोकांना अपडेट करायला वेळ मिळावा म्हणून. मग जाहीर केली. त्यानंतरच्या दिवसांत दहा लाखांहून जास्त पानांवर हॅकरनी आपापली नावं रंगवली. आपोआप अपडेट होणाऱ्या वेबसाइट वाचल्या. ज्यांनी ती सोय बंद ठेवली होती आणि हातानंही अपडेट केलं नव्हतं, ते सापडले.

म्हणून 'अपडेट उपलब्ध' ही सूचना मी फार गांभीर्यानं घेतो. मोबाइलमध्ये नवा रंग, नवं बटण देणाऱ्या अपडेटसारखी ती नसते. अपडेट आलं की आज ना उद्या जुन्या कुलपात नेमकं काय मोडकं होतं हे साऱ्या जगाला कळतं, चोरालाही. तिथून पुढचा प्रत्येक दिवस तुमची आणि त्याची शर्यत असते. वर्डप्रेसची छोटी सुरक्षा अपडेट २०१३ पासून आपोआप होतात. प्लगइनसाठीही (ते काय, हे पुढे येतंच) ऑगस्ट २०२० पासून, म्हणजे ५.५ आवृत्तीपासून, तशी सोय आहे. प्लगइनच्या यादीत प्रत्येकापुढे ती चालू करता येते. "अपडेट केलं की वेबसाइट मोडते" या भीतीनं पुष्कळ जण ती बंद ठेवतात. भीती अगदीच खोटी नाही, कधी मोडते. पण मोडलेली मांडणी तासाभरात बसवता येते. आत शिरलेला चोर काढायला मला मामांकडे तीन दिवस लागले.

प्लगइनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण दार बहुतेक वेळा तिथूनच उघडं राहतं. प्लगइन म्हणजे वेबसाइटला जोडलेला जादा भाग. एक फोटो सरकवायला, एक संपर्काचा फॉर्म दाखवायला, एक व्हॉट्सअॅपचं हिरवं बटण लावायला. प्रत्येक प्लगइन वेगळ्या माणसानं लिहिलेला असतो आणि प्रत्येकाला तुम्ही घराची किल्ली दिलेली असते. सप्टेंबर २०२० मध्ये 'फाइल मॅनेजर' नावाच्या प्लगइनमध्ये अशी खोट सापडली, की कुणीही बाहेरून त्या वेबसाइटवर स्वतःची फाइल चढवू शकत होता. सात लाखांवर वेबसाइटवर तो बसवलेला होता. दुरुस्ती येण्याआधीच हल्ले सुरू झाले होते. म्हणजे त्या दिवशी तत्पर माणूसही वाचला असता याची खात्री नव्हती. खात्रीनं वाचला तो ज्याच्याकडे तो प्लगइनच नव्हता. म्हणून माझा नियम साधा आहे. जे लागत नाही ते काढून टाकायचं. नुसतं बंद करून ठेवायचं नाही, पुसूनच टाकायचं. बंद केलेल्या प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच पडून असतात आणि त्यांना बाहेरून हात घालता येतो. मामांच्या वेबसाइटवर तेवीस प्लगइन होते. कामाचे निघाले सहा.

आणि चोर शिरला होता तो थीममधून. थीम म्हणजे वेबसाइटचं रूप. ती मूळची विकत घ्यायची थीम होती, पण वेबसाइट करणाऱ्या मुलानं तिची फुकट मिळणारी 'नल्ड' प्रत वापरली होती. नल्ड म्हणजे पैसे भरल्याची तपासणी काढून टाकलेली चोरीची प्रत. ती तपासणी काढायचे कष्ट कुणी धर्मादाय घेत नाही. अशा प्रतींत मागच्या दाराची सोय बरेचदा आधीच करून ठेवलेली असते. मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला वेबसाइटचे मिळालेले पैसे थीमच्या किमतीलाही पुरते पुरले नसते. वर्डप्रेसच्या स्वतःच्या भांडारात हजारो फुकट थीम आहेत, तपासून घेतलेल्या. साडीच्या दुकानाला त्यातली कुठलीही पुरते.

ते मागचं दार दिसायला कसं असतं, हे एकदा जवळून बघा. वर्डप्रेसमध्ये 'अपलोड्स' नावाचा कप्पा असतो. आत वर्षांचे कप्पे, त्यांच्या आत महिन्यांचे. त्यात फोटो राहतात. मामांच्या त्या कप्प्यात इरकली, खण, पैठणी असे फोटो रांगेनं होते. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी जेपीजी. त्या रांगेत एका फोटोचं नाव होतं, शेवटी मात्र पीएचपी. पीएचपी म्हणजे चित्र नव्हे, ती सर्व्हरनं पाळायची आज्ञा असते. उघडली तर आत एकच ओळ, स्क्रीनच्या बाहेर लांबच लांब गेलेली, अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची. ती अक्षरं उलगडली की त्यांचा अर्थ एवढाच: बाहेरून जो निरोप येईल तो मुकाट्यानं पाळ. एवढ्या एका ओळीवर चोर पाहिजे तेव्हा आत येत होता, आणि फाइलची तारीख होती सात महिन्यांपूर्वीची. फोटोंच्या कप्प्यात पीएचपी फाइलला काही काम नाही. त्या कप्प्यात पीएचपी चालूच नये अशी बंदी होस्टिंगवाल्याला सांगून घालता येते. दोन मिनिटांचं काम आहे, आजच सांगा.

ती फाइल पुसली म्हणजे झालं, असं मात्र नाही. शहाणा चोर एकच दार ठेवत नाही. मामांच्या वापरकर्त्यांच्या यादीत दोन अनोळखी अॅडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेली माणसं, होते. गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये, म्हणजे गूगल जिथे मालकाला त्याच्या वेबसाइटची हकीकत सांगतं तिथे, चोरानं स्वतःलाही मालक म्हणून नोंदवून ठेवलं होतं. म्हणून शिंपणं सोडून घर धुवावं लागतं. वर्डप्रेसच्या सगळ्या फाइली नव्यानं आणायच्या, थीम आणि प्लगइन मूळ ठिकाणाहून परत बसवायचे, अनोळखी माणसं काढायची, झाडून सगळे पासवर्ड बदलायचे. वर्डप्रेसच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये काही गुप्त अक्षरमाला असतात. त्या बदलल्या की आत लॉगिन असलेले सगळेच एका झटक्यात बाहेर पडतात, चोरसुद्धा. त्यानंतर सर्च कन्सोलमधून गूगलला सांगायचं की आता तपासून घ्या.

पण ही साफसफाई सुरू करायलाच मला पहिला दिवस लागला, आणि ते कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मामांकडे किल्ल्याच नव्हत्या.

छोट्या वेबसाइटला निदान चार किल्ल्या असतात. पहिली डोमेनची, म्हणजे पत्त्याची. दुसरी होस्टिंगची, म्हणजे जागेची. तिसरी वर्डप्रेसच्या अॅडमिनची. आणि चौथी त्या ईमेलची, ज्यावर पहिल्या तिघींचे 'पासवर्ड विसरलात का?' असे निरोप येतात. मामांच्या वेबसाइटची डोमेन त्या मुलाच्या नावावर होती, होस्टिंग त्याच्या मित्राच्या खात्यात आणि ईमेल त्याच्या कॉलेजातलं. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, मग बेंगळुरूला. नंबर बदलला. आपल्याकडे हे घरोघरी आहे. पोरं शिकली की बाहेर पडतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण वेबसाइटची मालकी त्यांच्याबरोबर बसमध्ये बसून जाते. मुलगा भला होता, शोधल्यावर रात्री बसून सगळं नावावर करून दिलं त्यानं. तो सापडलाच नसता तर मामांना सहा वर्षांचा पत्ता सोडून द्यावा लागला असता.

म्हणून वेबसाइट करून घेताना पैसे देण्याआधी हे ठरवा: डोमेन दुकानाच्या मालकाच्या नावावर आणि मालकाच्या ईमेलवर. करणाऱ्याला आत जायला वेगळं लॉगिन द्या. काम संपलं की ते बंद करता येतं, आणि त्यात त्याचा अपमान नाही. उधारीच्या वहीसारखी एक वही करा. डोमेन कुठून घेतली, होस्टिंग कुणाचं, मुदत कधी संपते, कुठल्या ईमेलवर नोंद आहे, एवढं तिच्यात लिहा. ही वही असली की 'तुमच्या डोमेनची मुदत आज संपतेय, इथे पैसे भरा' असं खोटं मेल आलं तरी घाबरायला होत नाही. वहीतली तारीख बघायची आणि मेलमधल्या दुव्यावर न जाता स्वतः पत्ता टाकून खात्यात जायचं.

चार किल्ल्यांत सगळ्यात जपायची ती ईमेलची, कारण ती हाती लागली की बाकीच्या तिन्ही नव्यानं घडवता येतात. तिच्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावाच. पासवर्ड टाकल्यावर मोबाइलवर क्रमांक येतो किंवा अॅपमध्ये दिसतो, तो टाकल्याशिवाय दार उघडत नाही. तीच सोय होस्टिंगवर आणि वर्डप्रेसवरही करता येते.

पासवर्डचं म्हणाल तर, आपल्या भागातले पासवर्ड मला न सांगता कळतात. दुकानाचं नाव आणि पुढे १२३. देवाचं नाव आणि पुढे मुलाचं जन्मसाल. बेळगाव, मग तो ईमेलमधला 'अॅट' आणि चालू वर्ष. बॉटकडे आजवर फुटलेल्या पासवर्डच्या याद्या असतात आणि त्यांत आपल्या देवांची, गावांची, पोरांची नावं भरपूर आहेत. दर महिन्याला पासवर्ड बदला हा जुना सल्लाही आता मागे पडलाय. अमेरिकेतल्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनंच २०१७ साली सांगितलं, की कारण नसताना सारखं बदलायला लावू नका, लांबीवर भर द्या. सारखं बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवतो. लांब आणि असंबद्ध, हे दोन गुण बघा. आपल्याला तर इथे एक आयती सोय आहे: आपण मराठी बोलतो, कन्नड ऐकत वाढतो. दोन्हींतले एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले, मध्ये एक आकडा टाकला, तर घरातल्याला लक्षात राहतं आणि यादीत सापडणं मुश्कील होतं. 'पायतान-बेल्ल-चौकट-सतरा-मुंगी' असं काहीतरी. हाच घेऊ नका, तुमचा तुम्ही करा. आणि एक पासवर्ड एकाच दाराला.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राबद्दल (क्रोमनं ते चित्र २०२३ साली बदललं, पण सोय तीच आहे), म्हणजे एचटीटीपीएसबद्दल, लोक निष्कारण निश्चिंत असतात. ते कुलूप असायलाच हवं. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था त्याचं प्रमाणपत्र फुकट देते, आणि जुलै २०१८ पासून ते नसलेल्या वेबसाइटला क्रोम 'सुरक्षित नाही' असं म्हणतं. पण ते कुलूप रस्त्याचं आहे, घराचं नाही. गिऱ्हाइकाच्या मोबाइलपासून तुमच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेत कुणी काही वाचू नये, एवढंच ते बघतं. जपानी पानं दिसत होती तेव्हाही मामांच्या वेबसाइटला ते कुलूप होतंच.

बॅकअपनं मात्र माझा जीव खाल्ला. होस्टिंगकडे शेवटच्या सात दिवसांचा बॅकअप होता आणि चोर शिरून सात महिने झाले होते. म्हणजे ते सातही बॅकअप चोरासकट घेतलेले. बॅकअप घ्यायचा तर निदान महिन्याचा एक वेगळा ठेवायचा, वर्षभर. जुना नियम आहे, ३-२-१: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. एक होस्टिंगवर, एक दुकानातल्या हार्ड डिस्कवर, एक घरच्या कपाटात किंवा गूगल ड्राइव्हवर. आणि वर्षातून एकदा त्यावरून वेबसाइट परत उभी राहते का ते करून बघायचं. मामांच्या जुन्या साड्यांचे फोटो शेवटी त्यांच्या सुनेच्या मोबाइलमध्ये सापडले, म्हणून निभावलं.

तुमच्या वेबसाइटवर यूपीआयचा क्यूआर कोड असेल तर तो दर आठवड्याला स्वतःच्या मोबाइलनं स्कॅन करून नाव वाचा. चित्र बदललं तर डोळ्यांना कळत नाही, कारण सगळे क्यूआर सारखेच दिसतात. आणि वेबसाइट तपासताना दुकानाच्या वाय-फायवरून थेट पत्ता टाकून तपासू नका. मोबाइलच्या डेटावरून, गूगलमध्ये नाव शोधून, गिऱ्हाइकासारखे आत या.

घडलंच, तर लपवू नका. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची आशा जास्त असते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळी पोलीस ठाणी आहेत, बेळगावातही आहे. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश असा आहे, की व्यवसायांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावी. आणि ज्या गिऱ्हाइकांची नावं, नंबर तुमच्या फॉर्ममधून तुमच्याकडे आले होते, त्यांना तुम्हीच सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

मामांची जपानी पानं गूगलवरून जायला गणपती उजाडले. आता त्यांची सून दर सोमवारी दुकान उघडल्यावर पहिल्यांदा वर्डप्रेस उघडते, मग गल्ला. परवा तिचा फोन आला. "काका, एका प्लगइनचं अपडेट आलंय. आधी बॅकअप घेतलाय. करू काय?"

म्हटलं, कर.